लाकडासकट काच

सोमवार, ३ तारीख

आमच्या चिमणीची झोप उडालीय! चिमणी म्हणजे नात. घरात आम्ही दोघीच. मी दुसरी पास, आणि ती बंदराजवळच्या सरकारी कचेरीत — देशाबाहेर काय गेलं, बाहेरून काय आलं, त्याची मोजदाद. अख्ख्या देशाचा माल मोजते माझी नात! भेटेल त्याला सांगते मी. परवा दूधवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, आधी पिशव्या घ्या."

तर झालं काय — आपण समुद्रापार खिडक्यांच्या काचा पाठवल्या. आपला आकडा मोठा, तिकडे पोचलेल्या मालाचा लहान! साहेब हिला म्हणाले, "मधल्या काचा काय माशांनी खाल्ल्या?" शुक्रवारी उत्तर द्यायचंय. नोकरी अजून कच्चीच तिची.

मंगळवार, ४

जेवली नाही. तिकडच्या कचेरीतल्या बाईंशी फोनवर इंग्रजीत बोलत होती. मला ओ का ठो कळलं नाही, पण काय फाडफाड बोलते! नजर लागेल कार्टीला.

बुधवार, ५

सापडलं! स्वतः धक्क्यावर जाऊन उभी राहिली. काचा जातात जाड लाकडी खोक्यांत. तिकडे नुसत्या काचेचं वजन लिहितात, आपल्याकडे खोक्यासकट! म्हणजे पाळण्यासकट बाळ तोलायचं आणि म्हणायचं, काय गुटगुटीत आहे हो! मी हसले. ती नाही हसली.

"आज्जी, ही पद्धत साहेबांनीच घालून दिलीय. कित्येक वर्षांचे छापलेले आकडे चुकीचे ठरतील."

"मग गप्प बस की! पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

ती उठली आणि उत्तराचा कागद लिहायला बसली.

शुक्रवार, ७

सांगितलं तिनं. भर मीटिंगमध्ये! साहेब चकार शब्द बोलले नाहीत. तेच वाईट. आमचे सासरे असेच गप्प व्हायचे — मग आठवडाभर घरात कुणी मोठ्यानं खोकायचं नाही.

सोमवार, १०

उद्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय. एकटीला.

मंगळवार, ११

नोकरी पक्की! साहेब म्हणाले, "चूक माझी. आकडे सुधारून पुन्हा छापू." आणि तिकडच्या बाईंनी हिला मागून घेतलंय — दोन्हीकडची मोजणी जुळवायला. दोन वर्षं. समुद्रापार.

"जाऊ का गं आज्जी?"

जा म्हटलं. चांगलं खणखणीत म्हटलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.