राखेच्या उतारावरून

बाबा, मागच्या महिन्यात मी एका ज्वालामुखीवर चढून आले. तुमची नात नोकरीसाठी इटलीत असते, तिच्याकडे गेले होते. तिने मला सिसिली बेटावर नेलं. तिथे समुद्राच्या काठीच हा पहाड उभा आहे आणि अजून जिवंत आहे, दिवसभर धूर सोडत असतो. मी आधी नाहीच म्हटलं. गुडघे, वय, सगळं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मम्मी, आजोबा होते तो क्या बोलते?" तिने तुम्हाला पाहिलेलं नाही, माझ्याकडून ऐकलंय तेवढंच. उत्तर मला माहीत होतं, म्हणून मी बूट घातले.

तुम्हाला आठवतं का, मी पाचवीत होते. रविवारी तुमच्या फॅक्टरीला सुट्टी असली की तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून चेरीतालच्या आपल्या खोलीवरून मदनमहालच्या टेकडीवर न्यायचे. त्या दिवशी उतरताना तुम्ही म्हणाले, "धावू नको पोरी," आणि मी धावले. गुळगुळीत दगडावरून पाय घसरला, हात मोडला. तुम्ही गळ्यातल्या दुपट्ट्याची झोळी करून माझा हात बांधला, मला पाठीवर घेतलं आणि खाली उतरलात. घरी आई रडली. शेजारचे काका येऊन म्हणाले, "मुलीला पहाडावर कशाला नेता जी?" तुम्ही चहा पीत राहिलात.

प्लास्टर निघालं, त्यानंतरच्या रविवारी तुम्ही पुन्हा सायकल काढलीत. मी स्वयंपाकघरात आईच्या मागे जाऊन उभी राहिले. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, राहू द्या ना." तेव्हा मात्र तुम्ही रागावलात. "हात मोडला होता ना? पाय तर ठीक आहेत! लपून काहून राहिली? आज नाही आली तर मग कधीच येणार नाही. चल." चढून गेलो. उतरताना तुम्ही माझा हात धरला नाही. प्रत्येक दगडाच्या खाली जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "ये. मी आहे." मी बसून, घसटत, रडत उतरले. तुम्ही हसला नाहीत, घाईही केली नाही. खाली आल्यावर उसाचा रस पाजलात, आणि घरी आईला एवढंच सांगितलंत, "उतरली."

तर हा पहाड. आमच्यासोबत एक वाटाड्या मुलगी होती, तिने सगळ्यांना डोक्यावर हेल्मेट घालायला लावलं. वर झाड नाही, गवत नाही. काळी राख, त्यावर गंधकाचे पिवळे डाग, आणि हात टेकला तर जमीन कोमट. काठावर उभं राहिलं की एका बाजूला धुराने भरलेला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला, खूप खाली, निळा समुद्र. परत निघालो तेव्हा ती मुलगी एका उभ्या उतारापाशी थांबली आणि म्हणाली, आता टाचा रोवा आणि धावा, राख मऊ आहे, ती तुम्हाला धरेल. बाकीचे धावलेसुद्धा. माझे पाय हलेनात. इतक्या वर्षांत मी साध्या जिन्यावरूनही कठडा धरल्याशिवाय उतरलेली नाही. लेक थोडी खाली जाऊन वळली. "मम्मी, आओ ना. मी आहे." तिला मराठी समजते, पण बोलते क्वचितच, हे मात्र मराठीत बोलली. मी टाच रोवली. राखेत पाय घोट्यापर्यंत गेला आणि थांबला. मग दुसरा. मग मी धावत होते, बाबा, या वयात, तोंडात राख, ओरडत, आणि शेवटी तिच्या अंगावरच जाऊन आदळले. आम्ही दोघी राखेत बसून हसत राहिलो.

हे लिहून पाठवू तरी कुठे, चेरीतालच्या त्या खोलीत आता दुसरेच लोक राहतात. इथे घरी परत आल्यापासून सगळ्यांना मी सांगते की वर पोचल्यावर बाबांची फार आठवण आली. ऐकून लोकांचे डोळे भरतात. तुम्हाला खरं सांगते, वर तुमची आठवण आली नाही, उतरतानाही नाही. मी नुसती खूश होते. तुम्ही आठवलात दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटऱ्या दुखायला लागल्या तेव्हा.