नोट्समधला धडाका

प्रिय मल्लिकार्जुन,

'प्रिय' जुन्या सवयीनं लिहिलं गेलं, मनावर घेऊ नकोस. फोनवर तू आवाज चढवला असतास, म्हणून हे पत्र.

माझी लेक अक्षरा लातूरला तुझ्या क्लासला आहे, हे तुला ठाऊक नसेल. तीनशे पोरांत तुला नुसते रोल नंबर दिसतात. सोमवारी तू शिकवलंस, विमान आवाजाचा वेग ओलांडतं त्या एका क्षणीच धडाका होतो, मग सगळं शांत. ती उभी राहून म्हणाली, असं नाही सर. एसटीचा हॉर्न ऐकून माणसं आधीच बाजूला होतात. तशी कमी वेगाच्या विमानाची चाहूल हवेला लागते आणि ती पंखाला वाट देते. विमान आवाजाच्या पुढे पळालं की चाहूल पोचतच नाही. हवा पंखाच्या पुढच्या कडेपाशी एकदम दाबली जाते, तिथे आघात लाट तयार होते, दुसरी मागच्या कडेला. वेग टिकेल तोवर त्या लाटा तिरक्या पसरत विमानासोबतच जातात. म्हणजे लातूरहून नांदेडकडे तसं विमान गेलं, तर वाटेतल्या प्रत्येक गावाला धडाका ऐकू येईल.

शब्द न शब्द बरोबर होता रे तिचा. आणि तू? "लई शहाणी झालीस का? नोटमधी हाय तेच लिही, मार्क त्यालाच हायेत!" वर्ग हसला. गुरुवारी पोरगी बॅग घेऊन नांदेडला परत आली. भौतिकशास्त्राचं नाव काढू नको म्हणते. मला तुझी चीड येते. खरं काय ते ठाऊक असून बावीस वर्षं तेच पान झेरॉक्स करून वाटतोस. तुला कळतं, पण वळत नाही.

काल तिची बॅग आवरताना ते पान हाती आलं. हस्ताक्षर माझं. मुदखेडला आपण एकत्र शिकवायचो, आपल्या लग्नाचं ठरत होतं, तेव्हा मीच लिहिलेल्या नोट्स. धडाक्याचं हे वाक्य चुकलंय, असं तू तेव्हाच म्हणाला होतास. मी आठवडाभर अबोला धरला आणि तू ते तसंच राहू दिलंस. माझं मन राखलंस, आणि ते माझ्याच लेकीवर शेकलं. तिला मी अजून सांगितलेलं नाही, धीर होत नाही. येत्या सोमवारी तिला घेऊन तुझ्या वर्गात येते. सगळ्यांसमोर ती ओळ मी खोडणार, चूक माझी होती म्हणणार. तू माफी माग, नाहीतर नको मागूस. खडू मात्र तिच्या हातात द्यायचा.

'तुझीच' आता लिहीत नाही,
महादेवी