मृत्यूच्या तक्त्यातली मोकळी जागा

केरी, नॉर्थ कॅरोलायना

प्रिय वेंडेल,

थकले रे. तीन आठवडे एकशे ऐंशी तक्त्यांना एकसारखं रूप देत बसले आहे. औषधाच्या चाचणीचा अहवाल सोमवारी जायचाय, आणि आमच्या नव्या प्रमुख मार्सीबाई म्हणाल्या, "लोर्ना, हा अहवाल आहे की गोधडी? सगळे तक्ते एका घरचे दिसू देत." दिसू देत म्हणे! वीस वर्षं ज्याने त्याने हौसेने रेघा ओढल्या, निस्तरायचं मात्र मी.

आपल्या त्या सॅस सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या तक्त्यांसाठी एकच सामाईक स्टाइल लिहिली: एक अक्षर, एक रेघ, डोक्यावर करडी पट्टी. पण ज्या प्रोग्रॅमच्या पोटात कुणी स्वतःची सजावट लिहून ठेवलीय, तो वरच्या हुकमाला जुमानतो थोडाच! एकेक शोधून पुसत गेले. काल दुपारी पिमेंटो चीजचं सँडविच चघळत शेवटच्या तक्त्याशी पोचले. मृत्यूंचा तक्ता, चाचणीत दगावलेल्यांचा. तू निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी प्रोग्रॅमच्या माथ्यावर तुझंच नाव आहे. प्रत्येक ओळीच्या वर-खाली तू जास्त जागा सोडली होतीस.

आयलीन गेली त्यानंतरच्या आठवड्यातली ती जागा. तीही अशाच एका चाचणीत होती, दुसऱ्या कंपनीच्या. त्यांच्या तक्त्यात तुझी बायको नुसता एक आकडा झाली असेल. मी विचारलं, तर पडद्यावरची नजर न काढता तू म्हणालास, "इथं वाचणाऱ्यानं जरा थांबावं, बाई." पुढे मी काही विचारलंच नाही. त्याच आठवड्यात तुझ्या जेवणासाठी म्हणून भाजलेलं कॅसरोल दाराशी ठेवून मी घंटा न वाजवता पळाले होते. त्याची अजून लाज वाटते.

ती जागा पुसायला दोन सेकंद पुरले असते, पण हात धजेना. आणि मार्सीबाईंना वेगळा एकही तक्ता चालणार नव्हता. शेवटी तुझी जागा उचलून मी सामाईक स्टाइलमध्येच घातली. आता सगळेच्या सगळे एकशे ऐंशी तक्ते तुझ्या तक्त्यासारखे आहेत. पानं वाढली म्हणून बाई कुरकुरल्या, मग म्हणाल्या, "वाचायला बरं वाटतंय मात्र."

बदल केला की प्रोग्रॅमच्या माथ्यावर कारण लिहावंच लागतं, तुला ठाऊक आहे. मी लिहिलं, 'वाचायला सोपं जावं म्हणून'. खरं कारण तुला कळावं म्हणून हे पत्र. अहवाल गेला की मंगळवारी कॅसरोल घेऊन येते. या वेळी घंटा वाजवीन.

तुझीच,
लोर्ना