तुमसर स्पीकिंग

पिंपळटोला, पोस्ट मोहाडी
१९ नोव्हेंबर १९७८

चि. घनश्यामराव यांस,

सासरे पुंडलिक यांचे अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व इकडे खुशाल. यंदा तलावानं साथ दिली, धान चांगलं आलं. कापणी झाली, चुरणी, म्हणजे मळणी, बाकी आहे. तुमची रुखमा मजेत आहे. मंडईच्या जत्रेला आलेली लेक कापणीपुरती राहिली म्हणून तिच्या आईचे पाय जमिनीवर ठरत नाहीत.

आता मनातलं लिहितो, राग मानू नये. मंडईच्या पाहुण्यांत तुम्ही आलात, जेवलात, टोपी-धोतराचा मान घेतलात. मग माझं काय चुकलं? पाराजवळ मी मागून तुम्हाला हाका मारल्या. चार माणसं बघत होती. तुम्ही मान वळवली नाही, सरळ चालते झालात. धनीराम पाटील मला म्हणाले, "पुंडलिकराव, जवाई काहून रुसला?" मी म्हटलं, "रुसन कायले? इचारात असन." पण तोंड माझंच पडलं.

रात्री दंडारीच्या खेळातही तेच. सगळं गाव हसून मोकळं झालं की मग तुम्ही हसायचे. आमची सोंगं तुमसरच्या माणसाला गावठी वाटली असतील तर वाटोत, उपकाराचं हसू कशाला? आणि मी बोलू लागलो की तुम्ही एकटक माझ्या तोंडाकडे बघत होता. मी खोटं बोलतो असं वाटलं काय? सासऱ्याकडे असं बघायची आमच्याकडे रीत नाही.

आणखी एक. माझा चुलतभाऊ यादोराव धान घेऊन तुमचे मालक भय्याजी यांच्या तांदळाच्या मिलवर येतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो सांगतो की दिवाळीआधी तुम्ही रोज संध्याकाळी दवाखान्यातल्या केरळी नर्सबाईच्या क्वार्टरच्या पायरीवर बसलेले दिसायचे. यादोराव राईचा पर्वत करतो हे मान्य. पण राई असल्याशिवाय पर्वत तरी कशाचा करणार?

रुखमाला विचारलं. म्हणाली, त्या बाई इंग्रजी शिकवतात. भय्याजींचा तांदूळ ट्रकनं तुमसर रोड स्टेशनला जातो, तिथून वॅगननं मद्रास-केरळला. तिकडच्या व्यापाऱ्यांना ना हिंदी येते ना मराठी. त्यांचा ट्रंककॉल आला की ट्रान्सपोर्टच्या हपीसातून तुम्हाला इंग्रजीतच उत्तर द्यावं लागतं. ठीक आहे, पटलं. पण जावईबापू, सोयरिकीच्या वेळी तुमच्या काकांनी मला काय सांगितलं होतं? "पोरगा इंग्रजी फाडफाड बोलते." ज्याला येते तो पुन्हा कशाला शिकतो? आणि शिकतो तर पायरीवर बसून?

उत्तर द्यावे. रुखमाला न्यायला केव्हा येता तेही लिहावे.

आपला,
पुंडलिक


पिंपळटोला
३ डिसेंबर १९७८

चि. घनश्यामराव यांस, आशीर्वाद.

तुमचं कार्ड मिळालं. मी एवढं विचारलं आणि तुम्ही एवढंच लिहिलं: "रुखमाला लवकर पाठवा, कामाची अडचण आहे." अडचण कोणती ते आता मला समजलं आहे, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली.

परवा रुखमा परसात एकटी उभी होती. कानाला लोटा लावलेला. लोट्यात बोलत होती, "हॅलो, तुमसर स्पीकिंग. युवर वॅगन इज लोडेड. प्लीज होल्ड द लाइन." मग थांबली, कान दिला, मान डोलावली आणि पुन्हा सुरू. कुंपणापलीकडून सुंदरबाईनंही पाहिलं आणि तिनं आमच्या घरी येऊन सांगितलं, "पोरीले बाहेरचं झालं, गोऱ्या सायबाचं भूत बोलून राह्यलं." लिंबू उतरवायची तयारी झाली. मी सगळ्यांना हाकललं आणि रुखमाला समोर बसवलं. तेव्हा कळलं, नर्सबाईकडे शिकत होती ती. तुम्ही बाहेर पहारा देत होता.

म्हणजे ट्रंककॉल माझी लेक घेणार! ड्रायव्हर, क्लीनर, हमाल यांच्या गराड्यात बसून परमुलुखातल्या माणसांशी ती बोलणार, आणि तुम्ही काय करणार? तिला मोहाडीला मॅट्रिकपर्यंत शिकवली ती मी, माझ्या हौसेनं. नवऱ्याला बसून खायला मिळावं म्हणून नाही. का, तिला हपीसात बसवून तुम्ही मद्रासकडे निघणार आहात? अशी उदाहरणं ऐकली आहेत आम्ही.

तिला म्हटलं, खरं काय ते सांग. ती रडली. म्हणाली, "बाबा, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाई. मी नाई सांगत." बापाला असं बोलली. हे शिक्षण कोणाचं?

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. मी धनीराम पाटलांशी बोललो आहे. ते आणि पंच येत्या रविवारी संध्याकाळी पारावर बसतील. तुम्ही यावं आणि संसार करायचा की नाही ते चारचौघांत सांगावं. करायचा नसेल तर फारकत द्यावी. रुखमा उघड्यावर पडणार नाही. कारध्याचा कवडू आहे, बायको मागच्या साली वारली, घरी दोन बैलजोड्या. पाट लावायला तो तयार आहे. मी त्याला होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही. रुखमाला यातलं काही माहीत नाही.

रविवारी वाट पाहतो.

पुंडलिक


पिंपळटोला
११ डिसेंबर १९७८

घनश्यामराव,

काल पारावर काय झालं ते लिहितो आहे. तुम्ही तिथेच होता, तरी लिहितो, कारण तुम्हाला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. हे मला काल समजलं. गावालाही कालच.

तुम्ही आलात तेव्हा दिवस मावळला होता. पंच पारावर बसले होते, तुम्ही खाली उभे. कोणाचा चेहरा कोणाला दिसत नव्हता. धनीराम पाटलांनी तुम्हाला विचारलं की मंडईत सासऱ्याचा अपमान केला हे कबूल आहे काय. तुम्ही "हो" म्हणालात. मग विचारलं, बायकोला कमाईला लावणार काय. तुम्ही "हो" म्हणालात. मी मनात म्हटलं, पाहा, किती निर्लज्ज माणूस आहे. मग पाटलांनी शेवटचं विचारलं, "पोरीले फारकत देता काय?"

घनश्यामराव, तुम्ही त्यालाही "हो" म्हणालात. शांतपणे.

पंचांत कुजबुज झाली. आणि त्याच वेळी रुखमा घरातून कंदील घेऊन आली. गावातल्या कोणत्याही लेकीनं पंचांच्या मधे पाऊल टाकलेलं मी आजवर पाहिलं नाही. ती मला म्हणाली, "बाबा, ह्यायले आयकू येत नाई. तापात कान गेले. तुमी अंधारात इचारता, ते कोनाचं तोंड पायतीन?"

मग तिनं कंदील स्वतःच्या तोंडाजवळ धरला आणि तुम्हाला तोच प्रश्न हळू विचारला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही "नाई" म्हणून ओरडलात. इतक्या जोरात की तलावावरच्या करकोच्यांनी पंख फडफडवले. तुम्ही रडत होता आणि माझ्याकडे बघत होता. मला तेव्हा तुमच्याकडे बघवलं नाही. तुम्ही न जेवता सायकल घेऊन गेलात, मी थांबवलंही नाही.

रात्री रुखमानं सगळं सांगितलं. उन्हाळ्यातल्या तापानंतर हळूहळू ऐकू येईनासं झालं. टेलिफोनवर तर काहीच नाही, तिथे बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही. मद्रासवाला एक सांगायचा आणि तुम्ही अंदाजानं "येस सर" म्हणायचे, पारावरच्या "हो"सारखंच. कान दाखवायला गेलात तिथे ही नर्सबाई भेटली. भय्याजींना कळलं तर जागा जाईल, म्हणून कोणाला सांगायचं नाही असं तुम्ही रुखमाकडून वचन घेतलं. बापालासुद्धा नाही. बापाला तर मुळीच नाही, असं ती म्हणाली.

आज सकाळी पाटील घरी आले. म्हणाले, "पुंडलिकराव, आता तर कारनच भेटलं. बहिऱ्याच्या घरी पोरीचा जलम कायले घालवता?" खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तसंच वाटलं. बाप आहे. रुखमा चुलीपाशी होती. ती वळली नाही, पण भाकर थापायची थांबली. मी पाटलांना म्हटलं, जवाई फारकत देत नाही आणि पोरगी मागत नाही, मग तुमचं-माझं त्यात काय? कारध्याच्या कवडूला आज दुपारीच नकार कळवला.

आता लपवून काही उपयोग नाही. यादोराव उद्या धान घेऊन निघतो, आणि काल तोही पारावर होता. म्हणून रुखमाला त्याच्याच बैलबंडीत बसवून पाठवतो आहे. त्याच्याआधी तीच भय्याजींपुढे उभी राहील. मला म्हणाली, "लिवनं त्यायचं, बोलनं माह्यं. दोघं मिळून एक कारकून, पगारबी एकच." भय्याजी काय म्हणतील सांगता येत नाही. नाही म्हणाले तर दोघेही इकडे या, जमीन आहे. पण आधी तिला मद्रासशी एकदा बोलू द्या, एवढी विनंती त्यांना माझ्या नावानं करावी.

हे पत्र तिच्याच हाती देतो आहे. मी तुमच्याविषयी गावात जे जे बोललो ते तुमच्या कानावर गेलं नाही, हे माझं नशीब. ते परत घेतो.

पुढच्या रविवारी नाही, कामाच्या दिवशी येतो. ट्रंककॉल येईल तेव्हा मला हपीसात बसू द्या. ती काय बोलते ते मला कळणार नाही आणि तुम्हाला ऐकू येणार नाही. आपण दोघं बाकावर शेजारी बसू आणि तिच्या तोंडाकडे बघू.

तुमचा,
पुंडलिक