नव्वदच्या पुढची थरथर

प्रिय ताई,

गाडी झाली. पत्र चालकाच्या सीटवर ठेवलंय आणि पत्रावर किल्ल्यांचा जुडगा. किल्ली उचलायची आणि कागद मागच्या सीटवर भिरकावायचा, ही तुझी सवय मला पाठ आहे. म्हणून हात जोडून सांगतो, आधी हे वाच, मग गाडी सुरू कर. वरच्या मजल्यावर तू, खाली मी आणि आई, मधे एक जिना, आणि हा पठ्ठ्या पत्र लिहितोय म्हणजे याचं डोकं फिरलं, असं तुला वाटेल. वाटू दे. तुझ्यासमोर बोलायला उभा राहिलो की तू माझं वाक्य माझ्याआधी संपवून टाकतेस, आणि या वेळी ते मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.

गुरुवार तोंडावर आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन तू करणार, यापलीकडे घरात सध्या विषय नाही. तिचा डावा डोळा काचबिंदूने केव्हाच नेला. आता जो काही उजेड उरलाय तो उजव्या डोळ्यात, आणि त्यावर मोतीबिंदू असा पिकलाय की परवा तिने खुंटीवरच्या माझ्या रेनकोटला जेवायला बोलावलं. आपण तिघं किती हसलो. पण रेनकोट उत्तर देईना म्हणून ती दुसऱ्यांदा जरा चिडून हाक मारत होती, तेव्हा मीच उठून तिला ओ दिली. इतकी वर्षं तिने ऑपरेशन टाळलं ते एका हट्टापायी. लेकीचा हात सोडून दुसऱ्या कुणाचा हात माझ्या डोळ्याला लागायचा नाही, हे तिचं एकच पालुपद. तूही शेवटी हो म्हणालीस. किती अवघडून म्हणालीस, ते माझ्या आत्ता ध्यानात येतंय.

पण आधी गाडीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. बाबांनी ही गाडी जुनीच घेतली आणि आणखी जुनी करून आपल्याला ठेवली. तू तिला हत्ती म्हणतेस. मी माझे रविवार तिच्या पोटाखाली घालवतो, त्यामुळेच विमा कंपनीतलं माझं टेबल मला आठवडाभर सहन होतं. तू दर शनिवारी शेजारच्या गावातल्या दवाखान्यात जायला हत्तीला हायवेवर काढतेस. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अशीच परत आलीस, किल्ल्या जेवणाच्या टेबलावर टाकल्यास आणि म्हणालीस, पाना, नव्वदच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरतं रे, बघ जरा. लहानपणी मी घड्याळापासून मिक्सरपर्यंत दिसेल ते उघडून ठेवायचो म्हणून हे नाव तूच मला चिकटवलंस. तुझा शब्द पडायचा अवकाश, मी बाह्या सरसावल्या.

थरथर शोधायची एक रीत असते. स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं बघायची, सीट हलली तर मागची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी पळवून पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाने आला तेच कळत नाही. तुम्ही डॉक्टर लोकही तेच करता, फक्त तुमचा रोगी तक्रार करतो. मी चाकं काढली, आतल्या बाजूला वाळून बसलेला चिखल खरवडला, चारही चाकांचं बॅलन्सिंग करून आणलं. थरथर कमी झाली, गेली नाही. मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली, तर स्टिअरिंग शांत आणि सीट हलायला लागली. म्हणजे चोर चाकातच होता. एक रिम वाकलेली निघाली, ती बदलली. तरी बारीकशी गुणगुण उरली, ती गाडीच्या पोटातून येत होती. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा असतो, त्याचा सांधा सैल झाला होता. तो नवा बसवला, आणि बसवताना अंगठा असा चेचून घेतला की टाके घालायला तुझ्याच दवाखान्यात धावत आलो. माझ्या गुडघ्यापासून भुवईपर्यंत आजवरचा प्रत्येक टाका तुझ्या हातचा आहे. या वेळी तू नर्सला घालायला सांगितलंस आणि खिडकीशी जाऊन उभी राहिलीस. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

गाडी उघडलीच होती, तर मी हात धुऊन घेतले. दारांच्या आत आवाज दाबणारे पत्रे चिकटवले, पुढचे दिवे बदलले, मागे कॅमेरा बसवला, आईला चढता यावं म्हणून पायरी जोडली. पायरी पहिल्यांदा उलटी बसवली, हे तू गल्लीभर सांगून झालंच आहे. आई गाडीच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायची, मांडीवर नट-बोल्टचं ताट. मी मागेन तो नट ती नुसता चाचपून द्यायची आणि एकदाही चुकली नाही. हिच्या बोटांना डोळे फुटलेत, असं मी गमतीने म्हणायचो.

आणि दर शनिवारी तू परत येऊन एकच सांगायचीस, अजून थरथरते. चाकं झाली, अजून थरथरते. रिम झाली, अजून थरथरते. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी जिन्यात उभा राहून मी तुला फाडकन म्हणालो, तुला गाडी चालवता येत नाही, नुसती हाणता येते. तू मान खाली घालून वर निघून गेलीस. ताई, तू आणि उलटून बोलली नाहीस. मला तिथेच शंका यायला हवी होती, पण मी रागाच्या भरात मागच्या चाकांची बेअरिंगं उघडून बसलो. ती ठणठणीत होती.

मग मी एकटाच हत्तीला घेऊन हायवेवर गेलो. दोन सीटच्या मधल्या खाचेत पाण्याचा पेला ठेवला. वळणावर थोडं पाणी सांडलं, पण सरळ रस्त्यावर शंभरापर्यंत नेली तरी पेला शांत. स्टिअरिंगवर नुसती दोन बोटं टेकवली, तेही शांत. मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी गाडी कडेला घेऊन थांबलो, कारण त्याच्या आदल्याच दिवशी तू थरथर वाढली म्हणून सांगितलं होतंस.

म्हणून मागच्या शनिवारी कामाचं निमित्त काढून मी तुझ्याबरोबर आलो. तू नव्वद ओलांडलंस. मी आरशात पाहत होतो, कारण गाडी थरथरत असली की आरशातलं आधी पुसट होतं. मागच्या ट्रकचा नंबर मला स्वच्छ वाचता येत होता. तू विचारलंस, जाणवतं ना? मी हो म्हणालो. इतकं खोटं मी तुझ्याशी कधी बोललो नव्हतो. पुढे पेट्रोल पंपावर थांबलो. इंजिन बंद, गाडी जागच्या जागी उभी, आणि टाकीच्या झाकणासाठी तू किल्ल्या काढल्यास तर तो जुडगा तुझ्या उजव्या हातात वाजत राहिला. तू डाव्या हाताने तो घट्ट धरलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी पंपाच्या आकड्यांकडे पाहू लागलो. परतीच्या वाटेवर आपण दोघंही रेडिओ ऐकत होतो, आणि काय ऐकलं ते दोघांनाही सांगता यायचं नाही. मी गाडीतलं सगळं एकेक करून बदलून पाहिलं होतं. चालवणारं माणूस तेवढं बदलून पाहायचं राहिलं होतं.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. दवाखान्यातला कंपाउंडर सहज बोलून गेला की मॅडम हल्ली नुसतं तपासतात, ऑपरेशनं सगळी धाकट्या डॉक्टरांकडे देतात. तू चहा कपातून प्यायचं सोडून मोठ्या मगातून प्यायला लागलीस, तोही दोन्ही हातांनी. आणि परवा तू म्हणालीस, स्टिअरिंगला जाड, मऊ कव्हर घाल रे, बरं पडेल. मी हूं की चूं न करता घातलं. गाडीला त्याची गरज नाही, हे तुलाही माहीत होतं ना? दोष गाडीतच निघावा म्हणून तू मला कामाला लावत होतीस, आणि तो तसाच निघावा म्हणून मी नटामागून नट आवळत होतो. मला तुझा राग आला, ताई. अजूनही आहे. इतर सगळ्या रोग्यांना तू दुसऱ्यांकडे सोपवलंस आणि आईला तेवढं धरून ठेवलंस, कारण तिला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

तरी मी गप्पच राहणार होतो. गुरुवारच्या आत तू स्वतःहून मागे सरशील, असं मनाला समजावत होतो. भित्रा तर मी आहेच. पण काल सकाळी तू दवाखान्यात गेल्यावर आई शेडमध्ये आली, नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि ताट मागितलंच नाही. तिनेच सांगितलं, तू रोज तिच्या डोळ्यात औषध घालतेस. पहिला थेंब गालावर पडतो, दुसरा पापणीवर, तिसरा कधीतरी डोळ्यात जातो. ती पदराने गाल पुसते आणि छान गार वाटलं म्हणते. तू तिची हनुवटी धरतेस तेव्हा तुझ्या बोटांतून तिला सगळं कळतं. फार दिवसांपासून कळतंय. तिने माझा हात धरून मला वचन मागितलं. म्हणाली, ताईला यातलं काही बोलू नकोस. ती आयुष्यभर त्या हातांवर उभी राहिली आहे. माझा डोळा गेला तर जाऊ दे, मला बघायचं ते मी बघितलं. पण आईने तिचा हात नको म्हटलं, हे तिच्या कानावर जाता कामा नये. मी वचन दिलं, ती आत गेली, आणि मी पाने आवरून हे लिहायला बसलो.

ते वचन मी मोडलंय, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. तुम्ही दोघी एकमेकींचं मन सांभाळताय आणि त्यात तो एकुलता डोळा जाईल. तुझ्या हाताला काय झालंय ते मला माहीत नाही. साधं काही असेल, नसेलही. कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं आणि तू गेलेली नाहीस, हेही मला कळतं. मी बूट घालून शेडबाहेर घराच्या पायरीवर बसलोय, ऑफिसला रजा टाकलीय. आधी तुझा हात दाखवायला जाऊ, मग आईसाठी तू निवडशील त्या डॉक्टरकडे. संध्याकाळी आईला तू स्वतः सांग, म्हणजे तिला तुझा हात नको म्हणावं लागणार नाही. माझ्याशी आत्ता काही बोलायची गरज नाही. नुसती बाहेर ये, किल्ल्या माझ्या हातात ठेव आणि शेजारच्या सीटवर बस. किल्ल्या वाजल्या तरी चालतील.

तुझाच,
पाना