फोन वाजण्याआधी

बाबा, शुक्रवारपर्यंत मला मॅनेजरला कळवायचंय, बेसबॉलचा आणखी एक सीझन खेळतोय की थांबतोय. मी एकोणतीस वर्षांचा आहे आणि टीममधली पोरं मला ‘ओल्ड मॅन’ म्हणतात. सकाळी उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. टीशर्ट डाव्या हाताने ओढून काढतो, अर्धा तास गरम पाण्याखाली उभा राहतो, तेव्हा कुठे तो हात माझा होतो. लीग कसली ते विचारू नकोस. मोठ्या लीगमधून कुणी बघायलासुद्धा येत नाही अशी. आठ-आठ तास बसने जायचं, आणि सुरुवातीचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, दमला की शेवटी शेवटी त्याच्या जागी मी मैदानात जायचं. तुला पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा तू म्हणाला होतास, म्हणजे दुसऱ्याने केलेला पसारा आवरायचा. तेव्हा राग आला होता. आता कुणी विचारलं की मीही तेच सांगतो.

शुगर लँडच्या घरामागे तू उलट्या बादलीवर बसायचास. ऑफिसातून आल्या आल्या, पँट तीच, फक्त शर्ट बदललेला, आणि पाच मिनिटांत तोही अंगाला चिकटलेला. मी तेरा वर्षांचा, नागपूरहून येऊन चार वर्षं झालेली. बेसबॉल तुला माझ्याइतकाही कळत नाही. बॉल झेलणाऱ्याचा, कॅचरचा ग्लोव्ह घालून बसतोस आणि बॉल आला की डोळे मिटतोस. तळहात सुजला तरी आईला सांगत नाहीस, जेवताना गुपचूप चमचा घेतोस. एकदा शाळेत भांडून आलो आणि दणादण बॉल टाकत सुटलो, तर शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फुटली. तू उठलास, त्यांना सॉरी म्हणून आलास, परत बादलीवर बसलास. “झालं? आता टाक.” एवढंच.

कॉलेज सोडलं तेव्हा मात्र तू असा बसला नाहीस. स्वयंपाकघरात उभा होतास, ऑफिसचा डबा घासत. माझं तिसरं वर्ष अर्धं झालेलं, एका टीमने बोलावलेलं, आणि मी सह्या करूनच घरी आलेलो. तू नळ बंद केलास. “तुला खेळायचं नाहीये. तुला अभ्यासातून पळायचंय, आणि पळायला हा रस्ता सापडलाय.” मी हातातली ताटली सिंकमध्ये आपटली. एक तुकडा तुझ्या बोटात घुसला, रक्त आलं, आणि मी बॅग उचलून निघालो. किती लागलं ते वळून बघितलंही नाही. पुढच्या फेब्रुवारीत मी ॲरिझोनाला टीमच्या सरावाच्या कॅम्पमध्ये असताना आईचा फोन आला, तू गेल्याचा. मधले महिने आपण बोललो नव्हतो. त्या बोटाला टाके पडले होते का, हे आठ वर्षांत मी आईला विचारू शकलेलो नाही.

माझ्या मैत्रिणीला तू भेटला नाहीस. पुण्याची आहे, बॉथेलला औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. आमचं जमून चार वर्षं झाली, त्यातला निम्मा वेळ मी बसमध्ये आणि ती फोनवर. मी वेडा झालोय तिच्यापायी, बाबा. तिच्या व्हॉइस नोट्स परत परत ऐकतो, अगदी कोथिंबीर मिळाली नाही असं सांगणाऱ्यासुद्धा. सप्टेंबरमधल्या शेवटच्या मॅचच्या तासभर आधी तिचा फोन आला. घरचे स्थळं बघतायत म्हणाली. मी भडकलो, कर मग लग्न, असं म्हणालो. ती ओरडली नाही.

“मी तुला खेळणं सोड म्हणत नाहीये रे. किती दिवस, एवढंच विचारतेय.”

मी फोन ठेवला. मैदानाच्या कडेला जाळीमागे आम्ही बसतो, त्याला बुलपेन म्हणतात. तिथे भिंतीवर एक फोन असतो, आता टाकायला कोण जाणार ते त्यावरून कळतं. तो वाजून आपलं नाव येईपर्यंत जोरात टाकायचं नाही, हे आमच्यात नव्या पोरालाही ठाऊक असतं, कारण हातात दिवसाचे मोजकेच बॉल असतात. मी नऊपैकी तिसऱ्या इनिंगलाच उठलो आणि राग जाईपर्यंत टाकत राहिलो, चाळीसेक तरी. कोच दोनदा म्हणाला, खाली बस. नवव्या इनिंगला फोन वाजला आणि माझंच नाव आलं. हातात काही उरलेलं नव्हतं. तसं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. गेलो, आणि सहा बॉलमध्ये मॅच हरलो, सीझनही तिथेच संपला. तरी मॅनेजर म्हणतो, ये. पोरांजवळ कुणीतरी जुना माणूस हवा, कधीमधी टाकायलाही मिळेल. ही दया आहे, कळतं मला. आणि थांबलो तर बॉथेलला जाऊन करू काय? पदवी नाही, दुसरं कुठलं काम येत नाही, तिच्या आई-वडिलांसमोर बसून स्वतःविषयी सांगायचं काय?

कळवायचंय असं वर लिहिलं, ते खरं नाही. आज सकाळीच मॅनेजरला फोन करून खेळायला येतो म्हणालो. दुपारी, तिच्या लंच ब्रेकमध्ये, तिला सांगितलं की खेळणं सोडलं, तुझ्याकडे येतोय. ती आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, खोटं तर बोलत नाहीयेस ना? दोन्ही वेळा मला वाटत होतं, मी खरंच बोलतोय. हे पत्र कुठे पाठवणार, इथेच ठेवतो. तू असतास तर संध्याकाळी तुलाही फोन केला असता, आणि कॉलेज पूर्ण करतो म्हणून सांगितलं असतं.