राब कुणी पेटवला

३ एप्रिल, मुरबाड
विपश्यनेच्या शिबिराहून परतलो. दहा दिवस वही-पेन बंद, बोलणंही बंद. सुमनने दारातच विचारलं, "गेला का राग तुमचा?" औषधाचा डोस संपवून आल्यासारखं. बायको आहे, विचारणारच. राग आला तर हाकलायचा नाही, नुसता बघायचा, असं गुरुजी सांगत. बघितला. रोज दत्तूच दिसला. सख्खा धाकटा भाऊ.

६ एप्रिल
पहाटे पाऊण तास बसलो. श्वास आत, बाहेर, मग दत्तू. राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी शेतात जाळायचा पालापाचोळा, असा पेटवायचा की आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकेल, आणि तोही सकाळी, वारा पडलेला असताना. आमच्या गावी, शेणव्यात, शेंबड्या पोरालाही कळतं. यानं गेल्या वर्षी भर दुपारी वाऱ्याबरोबर सोडला. आई ओला डहाळा घेऊन विझवायला धावली. लुगडं पेटलं. चार दिवस जगली.
सगळ्यांचं मंगल होवो म्हणताना दत्तूला वगळतो.

११ एप्रिल
चुलतभाऊ आला होता. म्हणाला, "दत्तू नुसता पितो, जेवत नाय. राबाला कोन बोलवत नाय त्याला." सुमनने तर वर्षभर त्याला उंबरठा ओलांडू दिलेला नाही. ऐकून बरं वाटलं. बरं वाटतंय हेही बघितलं. स्वतःची किळस आली.

१५ एप्रिल
आज राग आलाच नाही. वाट बघितली. त्याच्या खालून राबाच्या दिवशीचा फोन आठवून वर आला. त्या दिवशी साडेअकराला दत्तू विचारत होता, "दादा, वारा सुटलाय. उद्या सकाळी पेटवू का?" मी शाळेत, निकालपत्रकांत बुडालेला. खेकसलो, "उद्या उद्या करत महिना काढलास. पेटव आणि मोकळा हो!"
विसरलो नव्हतो. तिकडे बघत नव्हतो, एवढंच.
त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. वर्षभर शिव्या खाल्ल्या. माझ्यासुद्धा.

१६ एप्रिल
बसलो नाही. धीर नाही.

१९ एप्रिल
शेणव्याला जाऊन आलो. दत्तू ओट्यावर, पार वाळलाय. म्हणालो, "पेटव असं मीच बोललो होतो रे."
"ठाव हाय ना मला."
"मग बोलला का नाय कुणाला?"
"काडी मीच लावली ना. नि दोघंबी वाईट ठरलो तर आईचं वर्षश्राद्ध कोन करील?"
मी रडलो. तो नाही. मी निघताना त्यानं विचारलं, "वैनीला सांगितलंस?"
मी नाही म्हणून मान हलवली. तो आत गेला, दार लोटून घेतलं.

२५ एप्रिल
उद्या श्राद्ध, इथे, आमच्या घरी. सगळी भावकी येणार. सुमन वड्यांचं पीठ चाळताना म्हणाली, "भावजी आले तर मी वाढणार नाही. आधीच सांगते."
मी म्हणालो, "बरं."
मग खोलीत येऊन डोळे मिटून बसलो. श्वास येत होता, जात होता. इतकं शांत वाटलं की लाज वाटली.
उठलोय. ती पलीकडे स्वयंपाकघरात आहे. हाक मारायची आहे.